टाकीतला मासा नदीत सोडण्याआधी

गैरसमज : घरच्या टाकीतला मासा नदीत सोडला की पुण्य लागते.

वस्तुस्थिती : त्या एका माशाला जीवदान मिळते आणि नदीतले मासे संकटात येतात. भीमा नदीवरच्या उजनी धरणात आज कोळ्यांच्या जाळ्यात सकर मासा येतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक तो विकत घेतात आणि वाढला की जवळच्या पाण्यात सोडून देतात. त्याच्या अंगावर टणक कवच आणि परांना काटे, त्यामुळे त्याला गिळणारा विरळाच. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो, म्हणून घाण पाण्यातही तगतो. काठच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो. जाळी फाडतो ती वेगळीच, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

गैरसमज : परदेशी मासे तेवढे घातक.

वस्तुस्थिती : रोहू, कटला, मृगळही मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे, भीमेत ते माणसानेच सोडले. माशाचा देश पाहून भागत नाही, खोरे पाहावे लागते. उपद्रवही सगळ्यांचा सारखा नसतो. मांसाहारी थाई मांगूरच्या पालनावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. चिलापी मात्र 1952 साली भारतात आणला गेला आणि आज उजनीकाठच्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. त्याला सरसकट शत्रू म्हणणे मला पटत नाही.

गैरसमज : उपद्रवी मासा भरपूर पकडला की संपेल.

वस्तुस्थिती : चिलापीची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते. बारीक आसाचे जाळे लावले तर मरळ आणि शिंगाळ्याची पिल्लेही जातात. मासेमारीने संख्या आटोक्यात राहते, जात संपत नाही.

म्हणून पाळत लवकर हवी. मासळी उतरवण्याच्या ठिकाणी रोजच्या मासळीची जातवार नोंद हा सर्वांत स्वस्त उपाय. पाण्याच्या नमुन्यातला डीएनए तपासूनही मासा न पकडता त्याचा माग लागतो. शिकागोजवळच्या कालव्यात आशियाई कार्प माशांसाठी ही तपासणी होते. त्यांना अडवायला पाण्यात विजेचा अडसरही आहे. एवढा खर्च करूनही तिथे पहारा थांबलेला नाही.

टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या. जाळ्यात सकर आला तर पुन्हा पाण्यात फेकू नका. फोटो आणि ठिकाण मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.