कृष्णाकाठाने सायकलवर : चार दिवसांची आखणी

घरातली कुठलीही सहल असो, तिची यादी आपणच करतो. पुऱ्या किती, चटणी कोरडी की ओली, मुलांचे स्वेटर, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं आपल्या डोक्यात. मग मैत्रिणींनो, एखादी सहल अशी का ठरवू नये, की जिची यादी आपली, वाट आपली आणि वेगही आपलाच? वाई ते नरसोबाची वाडी, कृष्णाकाठाने, सायकलवर. चार दिवस, साधारण दोनशे किलोमीटर. ना गाईड, ना सहल कंपनी.

“काहीतरीच बाई!” म्हणाल. पण आकडे मांडून बघा. रमतगमत, थांबत-बिंबत गेलं तरी तासाला दहा किलोमीटर सहज होतात. म्हणजे पन्नास किलोमीटरला पाच तास. उजाडल्यावर निघालात तर ऊन चढायच्या आत दिवसाचं काम संपतं. शाळेच्या दिवशी आपण याहून जास्त राबतो!

नदीकाठच का, तर नदी उताराने जाते. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, सांगली साडेपाचशेच्या. अधूनमधून चढ लागतातच, पण एकूण हिशेब आपल्या बाजूचा. शिवाय नदीकाठी गावं दाट, म्हणजे पाणी, चहा आणि हाकेला माणूस. मात्र काठाकाठाने सलग रस्ता आहे असं समजू नका. कृष्णा वळणं घेत उसामागे दिसेनाशी होते आणि एखाद्या पुलावर पुन्हा भेटते.

या वाटेची खरी सोय नकाशा नीट पाहिल्यावर कळते. साताऱ्यापासून पुणे-मिरज रेल्वे जवळजवळ नदीच्या सोबतीने जाते. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली अशी एकामागून एक स्टेशनं. पाय दुखले, ताप आला, घरून फोन आला, तरी कुठूनही परतता येतं. प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा आधीच वहीत उतरवून ठेवा. आमच्या घरच्यांचा धीर या एका कागदाने बांधला गेला.

आता मोसम. पावसाळ्यात मुळीच नको. २००५, २०१९ आणि २०२१ साली या काठाने जे पूर पाहिले, ते सांगली-शिरोळकडच्या बायकांना विचारा. दिवाळीनंतर हवा छान पडते, पण तेव्हाच साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी उसाची वाढी बाहेर आलेली. पहाटे अंधारात बैलगाड्या, कित्येकींना मागे दिवा नाही. म्हणून माझं मत असं, की फेब्रुवारीचा उत्तरार्ध बरा. हंगाम ओसरू लागलेला असतो आणि उन्हाळा अजून तापलेला नसतो. तरीही पूर्ण उजाडल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढायची नाही, आणि ट्रॉली दिसली की खाली उतरून तिला जाऊ द्यायचं. मान कमी होत नाही त्याने.

पहिला दिवस वाई ते सातारा, पस्तीस किलोमीटर. मुद्दाम थोडा, कारण वाईचा घाट आणि ढोल्या गणपती पाहिल्याशिवाय पाय निघणार नाही. पाचवडपासून महामार्ग लागतो. जिथे सेवा रस्ता असेल तिथे तोच धरा. लिंबला आत वळलात तर अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर बघून होते. दुसरा दिवस सर्वांत दमवणारा. महामार्ग टाळून माहुलीवरून कोरेगाव, रहिमतपूर, मसूर करीत कऱ्हाड गाठायचं, म्हणजे सत्तरच्या घरात जातं. रहिमतपूरला कुणाची आत्या-मावशी असेल तर तिथेच मुक्काम करून सरळ पाच दिवस करा.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. संध्याकाळी प्रीतिसंगमावर नुसतं बसायचं, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना इथे १९१० मध्ये आणला, पण त्याआधी बेळगावात त्यांचं सायकलींचं दुकान होतं! आणि आपल्या आज्या ज्या मासिकाची वाट बघत, ते ‘स्त्री’ १९३० साली याच वाडीतून निघालं. भिलवडीला नदी ओलांडली की पलीकडे औदुंबर. मुक्काम तिथे. चौथ्या दिवशी सांगलीचा आयर्विन पूल आणि पुढे वाडी.

तयारी सहा आठवडे आधीपासून. आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर, रविवारी वीस-पंचवीस. शेवटी लागोपाठ दोन दिवस चाळीस-चाळीस करून बघा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीवर बसताना होते. सीट टोचत असेल तर तेव्हाच बदला. पंक्चर काढायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून शिकून घ्या. ट्यूब, पाना, पंप, ठिगळं आणि सोल्युशन, एवढं सामान पिशवीत मावतं. ओढणी घरी ठेवा, ती चेनीत जाते. सोबत दाण्याचे लाडू, गूळ आणि मीठ-साखरेच्या पुड्या. दुपारच्या जेवणात जिथे मिळेल तिथे भाकरी आणि कृष्णाकाठची वांगी.

स्वच्छतागृहांचं उघडच बोलू या. कोंडी नको म्हणून पाणी कमी पिणं फार वाईट. एस.टी. स्टँड, पेट्रोल पंप, देवळं नकाशावर खुणा करून ठेवा. नाहीतर एखाद्या घराच्या दारात उभं राहून “मावशी, जरा आत येऊ का?” म्हणावं. आम्हा तिघींना एकीनेही नाही म्हटलं नाही. उलट चहा झाल्याशिवाय सुटका नव्हती.

आणि सर्वांत अवघड टप्पा, घराचा उंबरठा. माहेर आणि बाळंतपण सोडलं तर लग्नानंतर चौदा वर्षांत मी घराबाहेर रात्र काढली नव्हती. मुलांच्या परीक्षा, स्वतःची पाळी, पाहुण्यांच्या तारखा पाहून दिवस नक्की करा आणि दोन महिने आधी कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. “जाऊ का?” असं विचारू नका, “अमुक तारखेला निघते आहे” असं सांगा. “दुधाचा हिशेब कोण ठेवणार?” हा आमच्या घरातला पहिला प्रश्न. वही समोर ठेवली, उत्तर झालं. मुलगी दोन दिवस बोलली नाही. सासूबाई मात्र अनपेक्षितपणे म्हणाल्या, “वाडीला निघालीस ना, मग माझ्या नावाने अभिषेक करून ये.” चार दिवसांत पिठलं-भात तीनदा झाला म्हणे. कुणी उपाशी राहिलं नाही.

परतीला जयसिंगपूर जवळ पडतं, पण सायकली चढवायला मिरज बरं. पार्सल ऑफिसात आपल्या तिकिटावर सायकल लगेज म्हणून बुक होते. गाडीच्या तास-दीड तास आधी पोहोचा आणि हँडलला नाव, फोन नंबर, उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी घट्ट बांधा. पावती पर्समध्ये. वाडीची कवठाची बर्फी घ्याल तर दोन पुडे घ्या. एक गाडीतच संपतो.