जुन्या इंजिनातील तेलगळतीचा तपास

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट या नावाने आणि पुढे सत्तरीच्या दशकात पद्मिनी या नावाने जी मोटार तयार होत गेली, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली असली, तरी हौशी मालकांनी जतन केलेल्या तिच्या कित्येक गाड्या अद्याप रस्त्यावर धावतात. आणि त्यांतील बहुतेकींच्या खाली रात्रभरात तेलाचे काळे ठिपके पडतात, ही गोष्ट त्या मालकांनी वार्धक्याचा अटळ धर्म म्हणून मान्य करून टाकलेली दिसते. ही मान्यता मला पटत नाही. गळती हे कार्य आहे, त्याला कारण असते, आणि ते कारण शोधण्याची तजवीज सामान्य मालकालाही करता येते.

पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन रचनेने साधे आहे; परंतु ओतीव धातूच्या मुख्य भागांवर पत्र्याची झाकणे आणि तळाशी तेलाचे चेंबर बोल्टांनी आवळून बसवायचे, व सांध्यात पॅकिंग घालायचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बुचाचे पॅकिंग सुकून आकसते, आणि फिरत्या दांड्याभोवतीच्या ऑइल सीलची रबरी कडा लवचिकपणा गमावून टणक होते. मग तेलाला वाट मिळते.

आता तपासातली खरी अडचण अशी की, तेल जेथून निघते तेथेच ते टपकत नाही. वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून पाझरलेला थेंब इंजिनाच्या अंगावरून उतरतो, पुढच्या पंख्याच्या आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलला जातो, आणि इंजिन व गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात त्या सांध्याच्या तळाशी येऊन लोंबकळतो. तो पाहून मागचे ऑइल सील गेल्याचा निवाडा घाईने दिला जातो. हे सील स्वतः स्वस्त असते, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरीचा आकडा मालकाच्या उरात धडकी भरवतो. म्हणून गिअरबॉक्सला हात लावू देण्यापूर्वी, थंड इंजिन ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करून घ्यावे, कोरडे पुसावे, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि थोडे अंतर गाडी चालवून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या भुकटीवर जेथे सर्वांत वर पहिला ओला डाग उमटला असेल, तेथे कसूर आहे.

झाकणाचे पॅकिंग बदलताना एका गोष्टीची हयगय होऊ नये. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्याने पत्र्याला भोकांभोवती खोलगट वळण पडते, दोन बोल्टांच्या मधला भाग उचलला जातो, आणि नवे पॅकिंग घातले तरी फट कायम राहते. झाकण सपाट काचेवर उपडे ठेवून पाहिले की हा बाक दिसतो. भोकांच्या कडा उलट बाजूने हलक्या हाताने ठोकून सरळ कराव्यात, जुन्या पॅकिंगचा चिकटलेला अंश खरवडून काढावा, आणि बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून आवळावेत. हे काम संथपणे करणारा मिस्त्री मिळाला, तर त्याला दोन पैसे अधिक द्यावेत असे माझे प्रामाणिक मत आहे.

तथापि सगळी पॅकिंगे नवी घालूनही तेल पुन्हा अनेक ठिकाणांहून झिरपू लागले, तर दोष सांध्यांत नसून आतल्या दाबात असण्याचा संभव मोठा. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडासा ज्वलनवायू चेंबरच्या बाजूस उतरतच असतो, आणि त्याला बाहेर पडण्यासाठी ब्रीदर पाइप ठेवलेला असतो. तो काजळीने तुंबला, तर कोंडलेला वायू तेलाला प्रत्येक दुबळ्या सांध्यातून बाहेर रेटतो. पाइप काढून धुणे हा जवळजवळ फुकटचा इलाज आहे, आणि म्हणूनच तो अगोदर करावा. पाइप मोकळा असूनही, तेल भरण्याचे टोपण काढल्यावर चालत्या इंजिनातून धुराचे जोरदार लोट येत असतील, तर मात्र रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, आणि इंजिनकामाला पर्याय नाही.

गळती थांबवणारी म्हणून बाजारात मिळणारी द्रव्ये टणक रबराला काही काळ फुगवतात. फाटलेल्या सीलवर किंवा तुटलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग होत नाही.

दुरुस्तीला अवकाश असेल, तर तूर्त दांडी पुसून तेलाची पातळी आठवड्याच्या आठवड्याला पाहावी आणि किती भर घालावी लागली याची वहीत तारखेनिशी नोंद ठेवावी. गळती वाढते आहे की स्थिर आहे, याचा याहून खात्रीलायक दाखला दुसरा नाही. तीन परिस्थितींत मात्र विलंब करू नये: तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, कारण त्यात आगीचा धोका आहे, तेल लागून क्लच घसरू लागला असेल, किंवा तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल, कारण त्या क्षणी इंजिन बंद करणे हेच एक कर्तव्य उरते. दुरुस्तीत निघालेले काळे तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते; ते गटारात न ओतता झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्याकडे देणाऱ्या गॅरेजच्या स्वाधीन करावे.