आरी, रापी आणि पाटी

प्रवेश-अर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. एके वर्षी अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. अथणीकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने त्या रकान्यात 'बिझनेस' असे लिहिले होते. कसला, म्हणून सहज विचारले, तर तो बराच वेळ खाली पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चपलांचा, सर." दुकान आहे का, या माझ्या पुढच्या प्रश्नाला त्याने उत्तरच दिले नाही. त्याचे आई-वडील कोल्हापुरी चपला करतात आणि त्यालाही ते काम उत्तम येते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. मी ज्या विषयाचा प्राध्यापक आहे त्या रसायनशास्त्राशी त्याच्या घरचे काम किती जवळचे आहे, हे कळायला तर आणखी वेळ लागला.

चप्पल नावाने कोल्हापुरी असली तरी ती आपल्याही मुलखात होते. अथणी आणि निपाणी ही तिची जुनी ठिकाणे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते देण्यात आले. इतर बाबतींत या दोन राज्यांचे किती जमते ते वाचकांना ठाऊकच आहे. असो.

चपलेचा आरंभ कातडे कमावण्यापासून होतो. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवून त्यावरील केस काढतात. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते ठेवतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तीत अर्क भरून ती टांगून ठेवीत व अर्क हळूहळू झिरपू देत. यात घडते काय? कातड्यात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ओलाव्यात जंतू ते खातात, म्हणून कातडे सडते. सालीतील आणि हिरड्यातील टॅनिन या प्रथिनाच्या तंतूंना जखडून धरते, मग जंतूंची मात्रा चालत नाही. हिरडा चावला की तोंड आवळून येते, तोही हाच प्रकार. तेथे टॅनिन आपल्या लाळेतील प्रथिनांना धरते. क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत उरकते, साल-हिरड्याला आठवडे लागतात. पण त्या कातड्याचा गुण असा की ते घाम शोषते, कुटले की घट्ट बसते आणि वापरता वापरता पायाच्या ठेवणीप्रमाणे वळते. नवी कोल्हापुरी चार दिवस चावते व मग पायाची होते, ती त्यामुळेच.

अशा ओल्या कातड्याला गंजके लोखंड लागले तर काळा डाग पडतो. लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने तो काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करीत, ती याच क्रियेने काळी होई. म्हणजे ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले त्यांच्या कुंडात आणि लिहिणाऱ्याच्या दौतीत रसायन एकच होते. पण एकाला आपण विद्या म्हटले, दुसऱ्याला जात म्हटले.

पुढे त्या विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. वडील रापीने तळ कापीत होते. जनावराच्या पाठीचे कातडे जाड व घट्ट असते, पोटाचे सैल असते आणि ताणले जाते. म्हणून तळ पाठीचा घ्यायचा, पोटाकडचा घ्यायचा नाही. डाव्या-उजव्या पायाचे नमुने असे उलटसुलट मांडायचे की तुकडा वाया जाऊ नये आणि जोडीतील दोन्ही तळ सारख्या जाडीचे यावेत. हे सारे त्यांनी कागदावर एक रेघ न ओढता केले. कमीत कमी जागेत आकृत्या बसवण्याचा हा प्रश्न गणिताच्या पुस्तकात कठीण समजला जातो. मग तळ भिजवून कुटणे आणि आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने शिवणे. खिळा कोठेही नाही. आई पट्ट्यावरची वेणी विणीत होत्या. बहुतेक घरांत हे नाजूक काम बायकांकडे असते, मात्र 'कारागीर' म्हणून नाव पुरुषाचे लागते. बारीक वाद्या बोलता बोलता एकमेकींत गुंफल्या जात होत्या. मी विचारले, "मोजता कशा?" त्या हसून म्हणाल्या, "मोजायचं कशाला सर, हाताला कळतंय."

हाताला कळते, हे वाक्य आपल्या शिक्षणपद्धतीला कधी नीट उमगले नाही. ते आपल्या संतांना उमगले होते. बसवण्णांच्या आधीचे जेडर दासिमय्या विणकर आणि बसवण्णांचे अनुयायी हरळय्या समगार होते, 'कायक' म्हणजे अंगमेहनतीचे काम हीच उपासना असा त्यांचा विचार. इकडे गोरा कुंभार, सावता माळी यांनी आपल्या धंद्याचेच शब्द अभंगांत आणले. याच अंकाच्या कन्नड विभागात कोणी वचनकारांवर लिहील तर त्याला हा दुवा सापडेल.

अलीकडच्या काळात शाळेला हाताशी जोडण्याचा मोठा प्रयत्न गांधीजींनी केला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. एखादा उद्योग हेच शिक्षणाचे माध्यम करावे आणि त्यातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकवावा, अशी ती कल्पना. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि त्या राज्यात मूलोद्योग शाळा निघाल्या होत्या. माझे वडील अशा शाळेत शिकले. टकळी त्यांना चांगली आठवत असे, पण त्या सुतावरून गणित कोणते शिकवले ते काही केल्या आठवत नसे. माझ्या मते प्रयोग फसला तो येथे, आणि आणखी एका ठिकाणी. कष्टकरी पालक म्हणत, या कामातून सुटावे म्हणून तर मुलाला शाळेत घातले. आणि सुस्थितीतील पालक आपली मुले दुसऱ्या शाळेत धाडीत. दोघांचेही चुकले असे म्हणवत नाही. जन्माने चिकटलेले काम शाळेनेही पुन्हा हातात दिले तर ते कोणाला आवडेल? हस्तकला शिकवायची तर ती आधी ज्यांच्या घरी नाही त्यांना शिकवली पाहिजे.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' सुचवला. त्याचे काय झाले ते प्रत्येकाला स्मरत असेल: बाजारातून फुलदाणी विकत आणायची आणि गुण घ्यायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, कुंभार, माळी अशांजवळ शिकावे असे म्हटले आहे. दिशा बरी आहे. पण दहा दिवसांत आरी धरताही येत नाही, आणि त्या सुताराला शिक्षकाचा मान व मोबदला द्यायचा की नाही, हा प्रश्न राहतोच.

मान कोठून येतो याचे उदाहरण ताजे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आधी मूळ कारागिरांचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने ऋण मान्य केले. परदेशी कंपनीवर आपण रागावलो हे ठीकच. पण त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात किती जणांनी चपलांच्या जाहिरातीपलीकडे अथणीचे नाव ऐकले होते, हे मी विचारून पाहिले. हात फार थोडे वर आले.

गेल्या वर्षी टॅनिनचा पाठ घेताना मी त्या मुलाला घरून हिरडा आणि कमावलेले कातडे आणायला सांगितले. वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने ते आणले, बरोबर रापीही. हिरड्याच्या अर्कात फेरिक क्लोराईडचे थेंब टाकताच तो निळसर काळा झाला. नंतर त्याने रापी कशी धरायची ते दाखवले. दोघा-तिघांनी करून पाहिले, पण एकाचीही रेघ सरळ आली नाही. घंटा झाली तरी चार-पाच जण टेबलाभोवती उभेच होते. यंदाच्या अर्जात त्याने त्या रकान्यात काय लिहिले ते मला माहीत नाही. अर्ज तपासण्याचे काम आता दुसऱ्यांकडे आहे.