खर्जाचा बंदोबस्त : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या खोलीत भिंतीशी बसले की तानपुऱ्याचा खर्ज अंगावर येतो आणि मध्यभागी बैठक मांडली की तोच खर्ज कोठे नाहीसा होतो ते उमगत नाही, त्या खोलीचा मालक दोष वाद्याला देतो, ध्वनिवर्धकाला देतो, प्रसंगी तानपुरा जुळविणाऱ्यालाही देतो. खोलीच्या लांबी-रुंदीवर मात्र त्याचा संशय सहसा जात नाही, आणि खरा अपराध तेथेच घडत असतो.

बारा फूट लांब व आठ फूट रुंद अशी एक खोली घेऊ. शहरी सदनिकांत अशा खोल्या विपुल आहेत. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर ज्या ध्वनितरंगाच्या अर्ध्या लांबीइतके असते, तो तरंग त्या भिंतींमध्ये स्थिर होऊन राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर हा स्वर लांबीच्या अंगाने ४७ हर्ट्झवर आणि रुंदीच्या अंगाने ७१ हर्ट्झवर पडतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे खोलीच्या रुंदीने तो जवळजवळ नेमका पकडला. एवढ्यावर भागत नाही. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन असल्यामुळे लांबीचा तिसरा आणि रुंदीचा दुसरा स्थिर तरंग दोन्ही १४१ हर्ट्झवर एकवटतात, आणि गायकाचा मध्य षड्ज त्याच्या अगदी शेजारी, १३९ हर्ट्झवर उभा! अशा खोलीत षड्ज फुगतो तो गळ्याच्या पुण्याईने नव्हे.

आता यावर लोक जे उपाय योजतात त्यांचा विचार करू. अंड्यांचे ट्रे भिंतीवर चिकटविणे हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय, थर्माकोलचे पत्रे हा त्याचा धाकटा भाऊ, आणि एक इंच जाडीचा नक्षीदार फोम हा सुखवस्तू चुलतभाऊ. थर्माकोलमधील कोश बंदिस्त असल्यामुळे त्यात हवेचा शिरकावच होत नाही, सबब शोषणाचा प्रश्नच उद्भवत नाही. ट्रे आणि फोम उच्च स्वरांवर थोडाफार परिणाम करतात. परंतु १००० हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आणि ७० हर्ट्झच्या तरंगाची जवळजवळ ५ मीटर आहे, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे इंचभर जाडीचा तेथे काय पाड लागणार, हे वेगळे सांगावयास नको. उलट अशा पातळ आच्छादनाने, तसेच गालिचे व पडदे यांनीही, वरच्या स्वरांचे तेज तेवढे हरपते आणि खालचा घुमारा होता तसा राहतो, किंबहुना अधिकच जाणवतो.

मऊ वस्तूंवरील या सरसकट श्रद्धेला एक थोर इतिहास आहे. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहातील असह्य निनादाचा उलगडा करण्याचे काम १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले, तेव्हा त्याने शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या वाहून आणून, त्यांच्या वाढत्या संख्येनुसार निनाद कसा ओसरतो, याची मोजणी केली आणि त्यातून वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला. मात्र त्या मोजणीसाठी त्याने वापरलेली ऑर्गनची नळी ५१२ हर्ट्झची होती. गादीने तेथे जे साधले ते ७० हर्ट्झवरही साधेल, असा दाखला त्या प्रयोगातून मिळत नाही.

सच्छिद्र द्रव्य ध्वनी शोषते ते हलत्या हवेचे तंतूंशी घर्षण होऊन, म्हणून. आणि भिंतीला अगदी लगटून हवा हलतच नाही, तेथे केवळ दाब असतो. हवेची हालचाल कमाल होते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे ७० हर्ट्झसाठी सव्वा मीटरच्या सुमारास. तेवढी जाडी घरात कोण करणार? म्हणून तडजोड कोपऱ्यात करावयाची: खोलीतील सगळ्या स्थिर तरंगांचा दाब तेथे एकवटलेला असतो, आणि दोन फूट रुंदीचा फलक कोपऱ्यात तिरपा उभा केला की त्याच्या मागे मध्यभागी एक फूट खोलीची पोकळी आयतीच मिळते. ही पोकळी वाया गेलेली जागा नव्हे. फलकाचे निम्मे काम तीच करते.

रचना सुताराला एका बैठकीत समजावी इतकी साधी आहे. दोन फूट बाय चार फूट, सहा इंच खोलीची लाकडी चौकट. तीत दोन इंची रॉकवूलचे तीन थर. पुढे-मागे मांजरपाट ताणून बसविलेला. घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल येथे पुरते. जितके घट्ट तितके गुणकारी ही समजूत जाड फलकाच्या बाबतीत उफराटी ठरते, कारण फार दाट द्रव्य तरंगाला आत घेण्याऐवजी दारातूनच परतवते. कापडाची परीक्षा एकच: तोंडाशी धरून फुंकले असता वारा पलीकडे गेला पाहिजे. रॉकवूल जळत नाही, हा त्याचा ट्रे व फोम यांच्यापेक्षा मोठा गुण. त्याने कर्करोग होतो, ही भीती मात्र जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या पदार्थाला संशयितांच्या यादीतून काढून ‘वर्गीकरण शक्य नाही’ या गटात घातल्याला दोन दशके उलटली. तरीही त्याचे तंतू कातडीला व घशाला छळतात. हातमोजे आणि मुखपट्टी यांत कसूर करू नये. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून फलक बोटभर दूर ठेवावा.

असा फलक १०० हर्ट्झच्या खाली हळूहळू दुबळा होत जातो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नेमका ७१ हर्ट्झच गाठावयाचा तर सहा मिलिमीटरच्या प्लायवूडमागे वीस सेंटिमीटर हवाबंद पोकळी ठेवून कंप पावणारी पेटी करता येते, आणि गणित जमतेही. पण एखादी फट राहिली किंवा प्लायवूडचे वजन थोडे वेगळे निघाले की तिचा स्वर सरकतो. नवशिक्याने प्रारंभी त्या वाटेला जाऊ नये.

शोषक बसविल्यावर खर्जच मरेल, ही धास्ती निराधार आहे. खोलीच्या मध्यभागी खर्ज हरवतो तो दोन तरंगांनी परस्परांना खोडल्यामुळे. परतणारा तरंग दुबळा झाला की ती खोडणी अपुरी राहते आणि लोपलेला स्वर उलट प्रकट होतो. ध्वनिवर्धकाच्या इक्वलायझरने ही तूट भरून निघत नाही, कारण जितके अधिक ओतावे तितकेच अधिक खोडले जाते.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र या कोणत्याही फलकाने मिटणार नाही. ध्वनी बाहेर जाऊ न देण्यास वजनदार भिंत आणि फटी बुजविलेली दारे-खिडक्या लागतात. ते स्वतंत्र काम आहे आणि त्याचा खर्चही स्वतंत्र आहे. तेव्हा पैशाची तजवीज मर्यादित असेल, तर एक इंची बारा फलकांच्या नादी न लागता सहा इंची दोनच करून ते समोरच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून उभे करावेत, आणि पुढचे दोन सवडीने करावेत.