भाडोत्री शिपाई : कथेंतला आणि पटावरचा



पैशासाठीं परक्याची लढाई लढणाऱ्या शिपायाविषयीं जगांत फारसें चांगलें कोणी बोललेलें नाहीं. सोळाव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील मॅकिआव्हेलीनें राजनीतीवरील आपल्या ग्रंथांत त्याचा कठोर निषेध केला. त्याच्या युक्तिवादाचें सार असें कीं, थोड्याशा वेतनासाठीं मनुष्य छावणींत राहील. पण धन्यासाठीं मरणार नाहीं. आपल्याकडे तर ‘गारदी’ हा शब्द ऐकतांच ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस आठवतो. थकलेल्या पगाराचें निमित्त पुढें करून गारदी शनिवारवाड्यांत शिरले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. असें असतां हाच तिरस्कृत मनुष्य कथाकारांना आणि खेळ रचणारांना इतका प्रिय कां व्हावा, याचा आज थोडा विचार करूं.

मला त्याचें कारण एकच दिसतें. इतर सैनिक देशासाठीं, धर्मासाठीं अथवा राजासाठीं लढतो, असें आपण गृहीत धरतों. भाडोत्री शिपायाच्या बाबतींत तो प्रश्न उघडाच राहतो. त्याचें मोल आधीं ठरलेलें असतें. पण त्या मोलांत काय काय आलें, हें ऐन प्रसंगींच कळतें.

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर यानें १८६२ मध्यें ‘सालांबो’ प्रसिद्ध केली. तिचा आधार खरा इतिहास आहे. रोमशीं झालेलें पहिलें युद्ध इ. स. पूर्वी २४१ मध्यें हरल्यावर कार्थेज नगरानें आपल्या भाडोत्री सैन्याचें देणें चुकवितांना घासाघीस केली, व तें सैन्य नगरावरच उलटलें. येथें शब्द प्रथम धन्यानें मोडला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बर्नार्ड शॉ यांच्या, १८९४ मध्यें रंगभूमीवर आलेल्या ‘आर्म्स अँड द मॅन’ या नाटकांतील ब्लुंट्श्ली हा स्विस शिपाई निराळाच आहे. तो सर्बियाच्या सैन्यांत शिरला, कारण स्वित्झर्लंडहून येतांना तोच देश वाटेवर आधीं लागला! काडतुसांच्या जागीं तो चॉकलेट बाळगतो. परंतु शौर्याच्या स्वप्नांत रमलेल्या मंडळींमध्यें युद्धाविषयीं खरें बोलतो तो हाच.

जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचा १९५४ सालचा ‘सात सामुराई’ हा चित्रपट याच्याही पुढें जातो. दरोडेखोरांनीं गांजलेलें एक खेडें लढवय्ये भाड्यानें आणतें. वेतन म्हणजे केवळ पोटभर भात. तो भात देणारे शेतकरी स्वतः मात्र हलकें धान्य खाऊन राहतात. हें कळल्यावर म्होरक्या कामगिरी पत्करतो. सातांपैकीं चौघे तेथेंच पडतात. भाताच्या मोबदल्यांत प्राण विकत मिळत नसतात. ते त्यांनीं आपण होऊन दिलेले असतात.

आतां खेळांकडे वळूं. पाश्चात्त्य देशांत मेजावर पट मांडून, छोट्या प्रतिकृती व फासे घेऊन खेळावयाच्या युद्धखेळांची मोठी आवड आहे. १९८४ मध्यें अमेरिकेंत निघालेला व पुढें ‘बॅटलटेक’ या नांवानें प्रसिद्ध झालेला खेळ घ्या. माणसानें आंत बसून चालवावयाच्या अजस्र लढाऊ यंत्रांचा हा खेळ. त्यांत भाडोत्री पथक चालविणाऱ्या खेळाडूला वेतन, वाहतूक आणि रणांगणावर सांपडलेल्या यंत्रांवरील हक्क यांचा करार करावा लागतो. लढाई जिंकूनही दुरुस्तीच्या खर्चानें पथकाचें दिवाळें वाजूं शकतें. ‘वॉरहॅमर’ या इंग्लिश खेळांत ‘डॉग्ज ऑफ वॉर’ नांवाचें भाडोत्री सैन्य होतें. त्याच्या पगाराची पेटी सांभाळणारा खजिनदार स्वतः रणांगणावर उभा असे. तो पडला, कीं सैन्याच्या धीराची परीक्षा फासे टाकून घेतली जाई. मॅकिआव्हेलीनें ग्रंथांत मांडलेलें तत्त्व लहान मुलाला येथें एका फाशांत समजतें.

म्हणून कथा आणि खेळ हीं एकमेकांस पूरक आहेत, असें मी मानतों. फाशांना पगार मोजतां येतो, पगारापलीकडचें मोजतां येत नाहीं. तें काम कथेचें. उलट, कथा वाचतांना आपण शिपायाचा न्याय करीत बसतों. खेळ आपणांस धन्याच्या जागीं बसवितो आणि रिकामी पेटी दाखवून विचारतो, ‘आतां बोला!’

पैसे घेऊन काम करणें हाच दोष मानला, तर आम्ही शिक्षक, वैद्य, कारकून सारेच भाडोत्री ठरूं. तेव्हां खरे प्रश्न दोन आहेत. ठरलेलें वेळेवर दिलें काय, हा धन्याला. आणि ठरल्यापलीकडे कांहीं दिलें काय, हा चाकराला. पहिल्याचें उत्तर ज्याला ‘होय’ असें देतां येईल, त्यानेंच दुसरा प्रश्न विचारावा.