कशापासून किती उंच?

पहाटे साडेचार. निवृत्त झालो तरी पहिल्या फ्लाइटच्या पिकअपची वेळ अंगातून जात नाही. दारात गाडी येणार नाही हे ठाऊक असूनही आधी दाढी, मग चहा. "कारध्यात कोण वाट पाहून राहिलं तुमची?" हा बायकोचा ठरलेला प्रश्न.

सहा. पुलाकडे. पावसाळ्यात हे फिरणं नसतं, ड्यूटी असते. इथे वैनगंगेची इशारा पातळी २४५ मीटर आणि धोका पातळी २४५.५०. वर शिवनीकडे संजय सरोवराची दारं उघडली की गावात जो तो याच आकड्यांत बोलू लागतो. २०२० च्या ऑगस्टअखेर तिथूनच आलेलं पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरलं होतं. हे २४५ मीटर नदीच्या तळापासून नव्हेत, समुद्रसपाटीपासून. मी मनात फूट करतो: धोका पातळी म्हणजे ८०५ फूट. तिथे एखादं विमान पाण्याला टेकलं तर, सेटिंग बरोबर असल्यास, त्याचा अल्टिमीटरही हाच आकडा दाखवेल.

समुद्रसपाटी शिकलो तेव्हा आमच्या वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. न पाहिलेल्या समुद्रापासून आमची नदी कशी काय मोजता, असं मी भूगोलाच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "वरठीला जा, भंडारा रोड स्टेशनची पाटी वाचून ये." पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सायकल हाणत गेलो, वाचून आलो. पुढे बोईंगच्या ट्रेनिंगमध्ये भल्याभल्या इन्स्ट्रक्टरांनी शिकवलं, पण प्रश्नाला असं उत्तर देणारा दुसरा भेटला नाही.

आठ. बांधीतलं पाणी पाहणं, धुरा कुठे फुटलाय का ते बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्यापेक्षा गड्याला जास्त कळतं.

अकरा. कॉम्प्युटरसमोर. कमर्शियल पायलट लायसन्सची परीक्षा देणारी पोरं. नेव्हिगेशन आणि हवामान हे माझे विषय. आज अल्टिमीटर. हे यंत्र उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं, आणि कुठला दाब शून्य धरायचा ते आपण सांगायचं असतं. प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल. पावसाळ्यात समुद्रसपाटीचा दाब आपल्याकडे हजारापर्यंत उतरतो. सेटिंग बदलायला विसरलात तर यंत्र खऱ्यापेक्षा सुमारे साडेतीनशे फूट जास्त दाखवेल. ढगात असाल तर हा फरक जीव घेईल. एका पोराने उत्तरात नुसतं "उंची ५,०००" लिहिलं. अर्धे गुण कापले. तो भांडला. मग त्याला बंगळूर सांगितलं.

१४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर आदळलं. ९२ जण गेले. विमान नवंकोरं होतं. आमच्या कंपनीत ही जात येऊन वर्षही झालं नव्हतं. चौकशीतून पुढे आलेला सर्वांत संभाव्य तर्क असा: मिनिटाला ७०० फुटांनी खाली उतरायचं होतं, पण तो आकडा चुकून उंचीच्या खिडकीत घातला गेला. बंगळूरचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २,९०० फुटांवर. म्हणजे ७०० फूट ही उंची जमिनीच्या पोटातली. इंजिनं आयडलवर गेली, वेग घटत गेला आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झाला. एका आकड्याने अपघात होतो असं मी म्हणणार नाही. वेगाकडे नजर असती तर तो आकडा पचला असता. पोरगा गप्प झाला. गुण मात्र वाढवले नाहीत.

एक. वरण-भात, ठेचा, झोप. नागपूर फ्लाइंग क्लबच्या पुष्पकपासून अ‍ॅव्रो, बोईंग, एअरबसपर्यंतची नोकरी एवढ्या झोपेत मावते, कारण त्यातले बहुतेक दिवस घटनेविना गेले. तेच पगाराचं काम होतं.

पाच. चावडीजवळ. "कॅप्टनसाहेब, पाणी किती चढला जी?" फुटांत सांगितलं की लोक हसतात.

साडेनऊ. लहानपणी या वेळी झोपायचो ते मध्यरात्री जाग येईल या बेताने. १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून विमानं निघत, मध्यरात्री नागपुरात सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी पोचत. कलकत्त्याचं विमान आमच्या अंगाने येई. त्याच्या आवाजावरून ते किती उंच असेल यावर आम्ही भाऊ पैजा लावायचो, आणि खरं-खोटं करायला कुणीच नसल्याने दोघंही जिंकायचो. १९७३ साली ती सेवा बंद झाली. माझ्या हाती लायसन्स आलं ते त्यानंतर. ते विमान चालवायचं राहून गेलं.

फोन वाजतो. वरच्या धरणाची दारं उघडल्याचा मेसेज, पाठोपाठ नदीकाठच्या शेजाऱ्याचा फोन: मोटार राहू द्यावी की काढावी? या वेळी फूट नाही, मीटर नाही. "आत्ताच काढ, आणि पाइपही सोडव," एवढंच सांगतो.