आटपाडीचे स्वतंत्रपूर आणि वॉर्साचा इंजिनियर

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तुरुंगाची उंच भिंत नाही. शिक्षा भोगणारे कैदी इथे बायको-मुलांसह साध्या घरांत राहतात, जमीन कसतात, पिकवतात. सांगली जिल्ह्यातल्या या कोरड्या माणदेशी माळावर 1939 साली खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांवर विश्वास टाकायचे ठरले. माणदेशातच वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली, व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपट सगळ्यांना आठवतो. या वसाहतीची कल्पना एका पोलिश माणसाची, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

मॉरिस फ्रीडमन हे त्यांचे नाव. वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात ते जन्मले तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. शहरावर रशियाच्या झारचा अंमल होता.

पोलंड नकाशावरून कसा पुसला गेला, ही कहाणी विलक्षण आहे. 3 मे 1791 रोजी पोलंडने आधुनिक युरोपातली पहिली लिखित राज्यघटना स्वीकारली. राजा स्तानिस्वाफ ऑगस्ट स्वतः तिच्या बाजूने उभा राहिला. शेजाऱ्यांना हे मानवले नाही. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1772 पासूनच लचके तोडायला सुरुवात केली होती. 1795 मध्ये त्यांनी उरलासुरला देशही वाटून घेतला. त्याच वर्षी आपल्याकडे खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवले होते. पोलंड पुन्हा उभा राहिला तो थेट 1918 मध्ये, 123 वर्षांनी.

अशा देशातला हा इंजिनियर म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या बोलावण्यावरून बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात आला. पुढे ते गांधीजींकडे ओढले गेले, ‘भारतानंद’ या नावाने ओळखले जाऊ लागले, सूत कातायची धनुष-तकली घडवली. औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांची मैत्री जुळली आणि तिथून औंधच्या इतिहासात त्यांचा प्रवेश झाला.

औंध संस्थान लहान, 72 गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले: औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे. सूर्यनमस्कारांच्या प्रसारासाठी प्रसिद्ध असलेले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यासाठीच्या घटनेच्या मसुद्यात फ्रीडमन यांचा मोठा हात होता आणि गांधीजींचा सल्ला होता. जानेवारी 1939 मध्ये घटना लागू झाली. गावाने निवडलेली पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती, त्याहून वर संस्थानची प्रतिनिधी सभा. न्यायदानही गावापर्यंत नेले. आजूबाजूचे संस्थानिक अधिकार घट्ट धरून बसलेले असताना सत्तरीच्या घरातल्या एका राजाने आपणहून ते सोडले. त्याचे मोल फार मोठे आहे, आणि शालेय पुस्तकांत त्याला चार ओळींहून जास्त जागा मिळायला हवी.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड पुन्हा वाटून घेतला. औंधचा प्रयोग मात्र 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत चालला. स्वतंत्रपूर त्यानंतरही टिकले. महाराष्ट्राच्या कारागृह खात्याची खुली वसाहत म्हणून ते चालू राहिले.

फ्रीडमनही इथलेच झाले. मुंबईच्या खेतवाडीत अध्यात्मगुरू निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे त्यांनी ध्वनिफितींवरून इंग्रजीत उतरवली. ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक 1973 मध्ये निघाले. 1976 मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.